उपचारांआधीचा रस्ता: मनाच्या आजारात माणसं डॉक्टरपर्यंत पोहोचतात कशी

बर्निस पेस्कोसोलिडो या अमेरिकी समाजशास्त्रज्ञ. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानापोलिस शहरात मानसिक उपचार पहिल्यांदाच घेणाऱ्या १०९ जणांना एक साधी गोष्ट विचारली: तुम्ही इथवर आलात कसे? प्रत्येकाची हकिगत सविस्तर ऐकून घेतली आणि १९९८ मध्ये निष्कर्ष छापले. ‘मला त्रास होतोय, मला मदत हवी’ असं स्वतः ठरवून आलेले निम्म्याहून कमी निघाले. साधारण पाव लोकांना दुसऱ्या कुणीतरी, त्यांच्या इच्छेविरुद्ध आणलं होतं. उरलेल्या जवळपास एक तृतीयांश लोकांच्या हकिगतीत ठाम होकारही नव्हता आणि ठाम नकारही नव्हता. कुणी काही सुचवलं, कुणी भलतीकडे पाठवलं, मध्येच सगळं थांबलं, पुन्हा सुरू झालं, असं करत करत ते एक दिवस तिथे येऊन पोहोचले होते.

मला हा अभ्यास फार महत्त्वाचा वाटतो, कारण मानसिक आरोग्याबद्दलचा आपला बहुतेक उपदेश फक्त पहिल्या गटासाठी असतो. ‘संकोच करू नका, मदत घ्या.’ यात चूक काही नाही. पण हे ऐकणाऱ्याला आपल्याला काय झालंय ते कळलंय, कुठे जायचं ते माहीत आहे आणि उठून तिथवर जाण्याची ताकदही त्याच्यात आहे, असं आपण धरून चालतो. नैराश्य नेमकी तीच ताकद काढून घेतं. चिंतेच्या आजारात घराबाहेर पडणंच अवघड होऊन बसतं. स्किझोफ्रेनिया झालेल्या अनेकांना तर आपण आजारी आहोत हेच पटत नाही. म्हणून उपचारांपर्यंत कोण पोहोचतं आणि कोण मागे राहतं हे समजून घ्यायचं असेल, तर आजारी माणसाइतकंच त्याच्या भोवतीच्या माणसांकडे पाहावं लागतं. पुढचा रस्ता बऱ्याचदा तेच ठरवतात.

माणसं गळतात कुठे?

डेव्हिड गोल्डबर्ग आणि पीटर हक्सली या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९८० मध्ये हा रस्ता पाच टप्प्यांत मांडला. दोन टप्प्यांच्या मध्ये एकेक चाळणी, म्हणजे एकूण चार चाळण्या. त्यांचे आकडे इंग्लंडमधल्या मँचेस्टरचे आहेत. एका वर्षात दर १००० माणसांमागे सुमारे २५० जणांना मानसिक आजाराची लक्षणं असतात. त्यातले २३० जण त्या वर्षात कुठल्या ना कुठल्या कारणाने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जातात. डॉक्टरांच्या लक्षात येतं ते १४० जणांच्या बाबतीत. मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचतात १७, आणि रुग्णालयात दाखल होतात ६.

हे आकडे जरा थांबून पाहा. ‘लोक डॉक्टरकडे जातच नाहीत’ असा आपला समज असतो. इथे २५० पैकी २३० जण गेले होते. ते डॉक्टरांसमोर बसले, बोलले, औषध घेऊन घरी आले, आणि त्यातल्या ९० जणांचा खरा त्रास कुणाच्या लक्षातच आला नाही. १४० पैकी प्रत्येकाला तज्ज्ञाची गरज नसते हेही खरं. सौम्य नैराश्य किंवा चिंता नेहमीचे डॉक्टरही चांगली हाताळू शकतात. पण ओळखलंच नाही तर हाताळायचा प्रश्नच येत नाही. शिवाय हे चित्र जिथे प्रत्येक माणूस एका ठरलेल्या फॅमिली डॉक्टरशी जोडलेला आहे अशा देशातलं आहे. जिथे तशी सोय नाही तिथे पहिली चाळणीच कितीतरी बारीक असणार.

लक्षात का येत नाही? याचं एक उत्तर १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासातून मिळतं. १४ देशांमधल्या दवाखान्यांत आलेल्या, नैराश्य असलेल्या ११४६ रुग्णांची माहिती त्यात तपासली होती. त्यातल्या ६९ टक्के लोकांनी डॉक्टरांना येण्याचं कारण म्हणून फक्त शारीरिक त्रास सांगितला होता. डोकं दुखतं, पाठ भरून येते, थकवा जात नाही, छातीत धडधडतं, झोप लागत नाही, पोट बिघडलंय. ही माणसं खोटं बोलत नव्हती. नैराश्य शरीरातही असतंच. भूक, झोप, वेदना, ताकद, सगळ्यावर त्याचा परिणाम होतो, आणि दवाखान्यात गेल्यावर दुखणं सांगायचं असतं असंच आपण लहानपणापासून शिकलेलो असतो.

त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मला जास्त बोलका वाटतो. या लोकांना मन उदास असतं का, कशात रस वाटत नाही का, असं थेट विचारल्यावर ‘नाही, तसं काही नाही’ म्हणणारे फक्त ११ टक्के होते. म्हणजे सांगायला बहुतेक जण तयार होते, कुणी विचारलं तर. शिवाय जिथे रुग्णाचा एकाच डॉक्टरशी वर्षानुवर्षांचा संबंध नव्हता, तिथे फक्त शारीरिक तक्रारी घेऊन येणाऱ्यांचं प्रमाण अधिक होतं. ओळखीच्या माणसाजवळ मन लवकर मोकळं होतं, हे वेगळं सांगायला नको.

यातून एक गोष्ट लगेच करता येण्यासारखी आहे. नेहमीच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा त्यांनी विचारण्याची वाट पाहू नका. ‘मला डिप्रेशन आलंय’ असं निदान करून सांगायचीही गरज नाही. ‘गेले तीन आठवडे पहाटे चारला जाग येते आणि पुन्हा झोप लागत नाही. आवडती कामंसुद्धा नकोशी वाटतात. कामात चुका व्हायला लागल्यात. कारण नसताना रडू येतं.’ एवढं पुरे. किती दिवसांपासून, आधी कसं होतं आणि आता काय बदललं, या तीन गोष्टींतून डॉक्टरांना दिशा मिळते. बोलायला जड जात असेल तर कागदावर लिहून तो त्यांच्या हातात द्या. थायरॉइडचे विकार, रक्ताची कमतरता, काही जीवनसत्त्वांचा अभाव आणि काही औषधं यांच्यामुळेही अशीच लक्षणं दिसू शकतात. म्हणून डॉक्टरांनी आधी रक्त तपासायला सांगितलं तर ते टाळाटाळ करतायत असं समजू नका. मात्र सगळे रिपोर्ट नॉर्मल आले आणि ‘तुम्हाला काही झालेलं नाही’ असं म्हणून विषय संपवला, तर तिथे थांबू नका. रिपोर्ट नॉर्मल येणं म्हणजे त्रास नसणं नव्हे.

डॉक्टरांच्याही आधी

आता रस्त्याच्या सुरुवातीकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त वर्षं तिथेच जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने १५ देशांत झालेल्या सर्वेक्षणांचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. ज्यांनी कधी ना कधी उपचार घेतले, त्यांचाच हिशोब त्यात होता. आजार सुरू झाल्यापासून पहिल्या उपचारापर्यंतचा मध्यक कालावधी (म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना याहून जास्त वेळ लागला) नैराश्यासारख्या आजारांत देशानुसार १ ते १४ वर्षं, आणि चिंतेच्या आजारांत ३ ते ३० वर्षं निघाला. तीस वर्षं, म्हणजे एखाद्याची शाळा, नोकरी, लग्न, मुलांचं शिक्षण, सगळं त्या आजारासह पार पडलेलं असतं.

चिंतेच्या आजाराला इतका उशीर का लागतो? कारण माणूस त्याच्याभोवती आयुष्य रचून घेतो. गर्दीची भीती वाटते म्हणून गर्दी टाळतो. चारचौघांत बोलायला घाबरतो म्हणून तसं काम नसलेली नोकरी शोधतो. त्रास रोज थोडा थोडा चुकवता येतो, आणि चुकवण्याची सवय म्हणजेच आपला स्वभाव असं त्याला आणि घरच्यांनाही वाटू लागतं. ‘तो लहानपणापासून असाच आहे.’ या एका वाक्याखाली कितीतरी बरे होऊ शकणारे आजार दबून राहतात.

लहानपणाचा इथे थेट संबंध आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या सर्वेक्षणात, आयुष्यात कधीतरी मानसिक आजार झालेल्यांपैकी निम्म्यांचा आजार १४ व्या वर्षापर्यंत आणि तीन चतुर्थांश लोकांचा २४ व्या वर्षापर्यंत सुरू झालेला दिसला. सुरुवात होते त्या वयात मुलाच्या हातात ना पैसे असतात ना निर्णय. त्याला दवाखान्यात न्यायचं की ओरडायचं, हे मोठे ठरवतात. त्याच वयात स्वभाव बदलणं, खोलीत कोंडून घेणं, चिडचिड हे सगळं ‘वयाचं’ म्हणून सोडूनही दिलं जातं. हे ओळखणं सोपं नाही हे मला मान्य आहे, तरी एक खूण धरून ठेवण्यासारखी आहे: बदल दोन आठवड्यांहून जास्त टिकला आणि झोप, जेवण, अभ्यास, मित्र यांपैकी एकाहून अधिक ठिकाणी दिसू लागला, तर वय वय म्हणत बसू नये.

लोकांची समज वाढवून हा उशीर खरंच कमी करता येतो का? नॉर्वेमधल्या रोगालँड भागात हे करून पाहिलं गेलं. सायकोसिस, म्हणजे भास होणं, नसलेले आवाज ऐकू येणं, कुणीतरी आपल्या वाईटावर आहे अशी पक्की खात्री वाटणं. अशा आजाराची सुरुवात झाल्यापासून उपचार मिळेपर्यंत तिथे निम्म्या रुग्णांना २६ आठवड्यांहून जास्त काळ लागत असे. १९९७ पासून तिथे दोन गोष्टी एकत्र केल्या गेल्या. वर्तमानपत्रं, रेडिओ, शाळा आणि नेहमीचे डॉक्टर यांच्यापर्यंत सुरुवातीच्या लक्षणांची माहिती सतत पोहोचवली, आणि कुणालाही थेट फोन करता येईल असं तपासणी पथक उभं केलं. चिठ्ठी नको, ओळख नको. आई, शिक्षक, मित्र कुणीही फोन करावा, पथक लगेच भेट घेणार. २६ आठवड्यांचे ५ आठवडे झाले.

पुढे माहितीची मोहीम बंद झाली, पथक मात्र तसंच सुरू राहिलं. उशीर पुन्हा वाढून १५ आठवड्यांवर गेला. दार उघडं असून भागत नाही, ते आहे हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. लवकर ओळखण्याचा फायदा पुढेही दिसला. दहा वर्षांनंतर, ही सोय असलेल्या भागातले सुमारे ३१ टक्के रुग्ण पूर्णपणे सावरलेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या भागांत हे प्रमाण सुमारे १५ टक्के होतं. कुठलंही नवं औषध नाही, फक्त माणसं लवकर पोहोचली.

पहिलं दार कुणाचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्याच आणखी एका, १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ११ देशांतले १५५४ नवे रुग्ण मानसोपचार केंद्रापर्यंत कोणकोणत्या दारांतून आले ते टिपलं गेलं. कुठे मुख्य वाट फॅमिली डॉक्टरमार्गे होती, कुठे रुग्णालयातल्या इतर विभागांमार्गे, कुठे लोक थेट आले होते, तर कुठे आधी धर्मगुरू किंवा पारंपरिक उपचार करणाऱ्यांकडे जाऊन आले होते. पारंपरिक उपचार करणाऱ्यांमार्गे आलेल्यांना काही केंद्रांत जास्त उशीर झाल्याचं दिसलं.

यावर नाकं मुरडणारे पुष्कळ असतात. मला ते पटत नाही. माणूस तिथे जातो कारण ते जवळ असतात, त्यांच्याकडे वेळ असतो, ते ऐकून घेतात, आणि तिथे गेल्यावर कुणी वेडा म्हणत नाही. जाण्यात दोष नाही, तिथेच अडकून पडण्यात धोका आहे. आणि काही गोष्टी कुणीही, कुठल्याही नावाखाली केल्या तरी चालवून घ्यायच्या नाहीत: बांधून ठेवणं, मारणं, उपाशी ठेवणं, चालू असलेली औषधं बंद करायला लावणं. असं काही दिसलं तर त्या माणसाला तिथून आधी बाहेर काढा.

पहिलं दार चांगलं असलं तर काय होऊ शकतं हे झिम्बाब्वेमध्ये दिसलं. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डिक्सन चिबांडा यांनी हरारेच्या सरकारी दवाखान्यांबाहेर बाकं ठेवली आणि त्यांवर समाजातल्या प्रशिक्षित आज्यांना बसवलं. त्यांच्याकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. समोरच्याचं ऐकायचं, त्याच्या अडचणींतून एक निवडायची, त्यावर त्याच्यासोबतच एखादी करता येण्यासारखी पायरी ठरवायची आणि पुढच्या भेटीत विचारायचं, एवढं त्यांना शिकवलं होतं. त्रास गंभीर असेल तर पुढे पाठवायचं. २४ दवाखान्यांत ५७३ लोकांवर रीतसर चाचणी झाली आणि २०१६ मध्ये तिचे निकाल आले. सहा महिन्यांनी बाकावर आज्यांशी बोललेल्यांची लक्षणं नेहमीची सेवा मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

मग कुणाकडे जायचं? नावांचा गोंधळ इथेही माणसाला अडवतो, म्हणून थोडक्यात. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकियाट्रिस्ट. ते आधी वैद्यकीय डॉक्टर असतात, औषध लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मानसशास्त्र शिकलेले असतात, चाचण्या घेतात, थेरपी देतात, सहसा औषधं देत नाहीत. समुपदेशक बोलून मार्ग काढायला मदत करतात. समुपदेशक म्हणून पाटी लावायला अनेक ठिकाणी कडक नियम नसतात, त्यामुळे शिक्षण कुठलं आणि नोंदणी आहे का, हे विचारायला मुळीच लाजू नका. भास, टोकाचे संशय, अजिबात झोप न लागता प्रचंड उत्साह, जेवण सुटणं, मरणाचे विचार यांपैकी काही असेल तर सायकियाट्रिस्टकडेच जा. बाकी वेळी नेमकं दार कुठलं याचा काथ्याकूट करत महिने घालवण्यापेक्षा यांपैकी जे आधी भेटेल त्याच्याकडे जावं. चांगला माणूस तुम्हाला योग्य जागी पाठवतो.

सोबत असणाऱ्याने काय करायचं?

हा भाग मी सगळ्यात मनापासून लिहितेय, कारण रस्ता घडतो तो इथेच.

‘तुला वेड लागलंय, डॉक्टरकडे चल’ असं म्हटलं की दार बंद होतं. ‘तू नीट झोपत नाहीयेस, मला काळजी वाटते, झोपेसाठी तरी एकदा दाखवून येऊ’ यावर माणूस निदान ऐकून घेतो. त्याला स्वतःला जो त्रास जाणवतो तिथून सुरुवात करा. ज्याला भास होतायत त्याच्याशी ते खरे की खोटे यावर वाद घालू नका, आणि हो ला हो देखील म्हणू नका. ‘तुला ऐकू येतं, मला येत नाही, पण तू घाबरला आहेस हे मला दिसतंय’ हे खरं आहे आणि पुरेसं आहे. फसवून नेणं शक्यतो टाळा. त्या दिवशी काम होतं, पण पुढच्या सगळ्या भेटींवरचा विश्वास त्यात खर्च होतो.

नुसता नंबर देऊ नका. नैराश्यात असलेल्या माणसाला फोन उचलून वेळ मागणं हे डोंगराएवढं काम वाटतं. कळतं पण वळत नाही, अशी त्याची अवस्था असते. त्याची परवानगी घेऊन वेळ तुम्ही ठरवा. कसं जायचं ते बघा. सोबत जा, बाहेर बसा. हे काम जवळच्यांपैकी कुणी ना कुणी करू शकतं, आणि त्यासाठी कुठलंही प्रशिक्षण लागत नाही.

मरणाचे विचार येतात का, हे विचारायला लोक घाबरतात. विचारल्याने तो विचार मनात पेरला जाईल अशी भीती असते. या प्रश्नावर झालेल्या अभ्यासांत तसं आढळलेलं नाही. उलट विचारल्यावर अनेकांना हायसं वाटतं. सरळ शब्दांत विचारा: ‘जगणं नको, मरून जावं असं मनात येतं का?’ उत्तर हो असेल, आणि कसं, कधी हेही ठरलेलं असेल, तर भेटीची वेळ घेत बसू नका. त्याला एकटं सोडू नका, औषधांचा साठा, कीटकनाशकं, शस्त्रं त्याच्या हाताला लागणार नाहीत असं करा, आणि सरळ जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. तिथला रस्ता वेगळा आणि छोटा असतो.

पहिली भेट आणि त्यानंतर

पहिल्या भेटीत काय होतं हे आधी ठाऊक असलं तर अर्धी धास्ती कमी होते. बहुतेक वेळ प्रश्नांत जातो. झोप, भूक, काम, घरचे संबंध, दारू वा तंबाखू, आधीचे आजार, कुटुंबात कुणाला असा त्रास होता का, मरणाचे विचार. कधी एखादी प्रश्नावली भरायला देतात. पीएचक्यू-९ नावाच्या प्रश्नावलीत गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न असतात आणि गुण २७ पैकी मोजतात. १० किंवा जास्त आले तर नीट तपासायला हवं इतकाच त्याचा अर्थ, ते निदान नव्हे. जे सांगायचं नसेल ते पहिल्या दिवशी सांगितलंच पाहिजे असं नाही. मात्र घेत असलेली औषधं आणि व्यसनं लपवू नका, कारण त्यावरून औषध ठरतं. ‘मी सांगितलेलं कुणाला कळेल?’ हा प्रश्न सुरुवातीलाच विचारा. सहसा गुप्तता पाळली जाते. जिवाला धोका असेल तेव्हा आणि कायद्याने बंधनकारक असेल तिथे अपवाद असतो.

पोहोचलेली माणसं परत जातात ती इथून पुढे. नैराश्याच्या औषधांचा गुण यायला सहसा दोन ते सहा आठवडे लागतात. मळमळ, सुस्ती यांसारखे दुष्परिणाम मात्र पहिल्याच आठवड्यात जाणवतात आणि बऱ्याचदा नंतर कमी होतात. म्हणजे सुरुवातीला तोटा दिसतो, फायदा नंतर. हे कुणी आधी सांगितलं नाही तर माणूस दहाव्या दिवशी गोळ्या फेकून देतो आणि ‘करून पाहिलं, काही उपयोग नाही’ असं म्हणत पुढची कित्येक वर्षं फिरकत नाही. त्रास होत असेल तर औषध मनाने बंद न करता डॉक्टरांना फोन करा. मात्रा कमी करता येते, गोळी बदलता येते. थेरपिस्टशी सूर जुळला नाही तर दुसरा शोधणं यातही काही वावगं नाही. पहिल्याच माणसाशी जमलं नाही म्हणून थेरपीच आपल्यासाठी नाही असं ठरवून टाकू नका. दोन-तीन भेटी द्या, मग त्यांनाच स्पष्ट सांगा की मला वेगळं कुणीतरी सुचवा. आणि दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्या भेटीतून उठण्याआधीच घेऊन ठेवा, म्हणजे सोबत येणाऱ्यालाही तो दिवस आधीपासून मोकळा ठेवता येईल.